बाहेरचा केटरर चालणार नाही

गौरीजेवणाला आमच्या डोंबिवलीच्या घरी भांडण होतंच. कधी पुरण सैल झालं म्हणून, कधी कुणाच्या पानात भजी कमी पडली म्हणून. गेल्या वर्षी ते क्रेटॉसवरून झालं.

क्रेटॉस हा 'गॉड ऑफ वॉर' नावाच्या व्हिडिओ गेमचा नायक. तुळतुळीत डोकं, घनदाट दाढी, हातात कुऱ्हाड आणि चेहऱ्यावर दुपारी झोपमोड झालेल्या माणसाचा भाव. पानावर बसल्या बसल्या माझ्या पुतण्याने जाहीर केलं, की हा गेम आपण २०१८ सालीच, आला त्या आठवड्यात संपवला. (गेमच्या डबीवर अठरा वर्षांची अट छापलेली असते आणि हे चिरंजीव तेव्हा अकरावीत होते, पण गौरीसमोर तो विषय नको.) समोरच्या पानावरून भाचा म्हणाला, "आम्ही २०२२ मध्ये खेळलो. पण तुझ्या दुप्पट फ्रेम रेटवर." (फ्रेम रेट म्हणजे पडद्यावर दर सेकंदाला येणारी चित्रं. जास्त तितकं गुळगुळीत.)

"चार वर्षं शिळं झालेलं गरम करून खाल्लंस."

"पुरणपोळी शिळीच चांगली लागते."

"आधी ताजी तर संपव," आई म्हणाली आणि तिने त्याच्या पानात आणखी एक वाढली.

पुतण्याकडे प्लेस्टेशन, म्हणजे सोनीचा कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र), भाच्याकडे पीसी. दोघंही नोकरीला लागलेले, दोघंही एरवी शहाणे. हा विषय निघाला की मात्र एकाच्या तोंडून 'एक्सक्लुझिव्ह' आणि दुसऱ्याच्या तोंडून 'पोर्ट' हे शब्द असे निघतात, जसे पूर्वी आमच्या आजोबांच्या तोंडून भाऊबंदकीच्या खटल्यातले सर्व्हे नंबर निघायचे. शेवटी दोघं माझ्याकडे वळतात. "काका, तुम्हीच सांगा." "मामा, तू सांग." माणूस मी एकच, पण या घरात दोन यंत्रांवर दोन नावांनी चालतो. काका-व्हर्जन जरा अदबीचं आहे, मामा-व्हर्जनला खर्च जास्त येतो.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही, त्यांच्यासाठी मंगल कार्यालयाचं उदाहरण देतो. हॉल बघायला जावं, भाडं ऐकून बरं वाटावं, आणि मग मॅनेजरने हळूच सांगावं, "बाहेरचा केटरर चालणार नाही हं." कन्सोलचं हेच आहे. यंत्र जेमतेम नफ्यात, कधी तोट्यातही विकायचं. मग त्यावर इतरांचा जो गेम विकला जाईल, त्याच्या किमतीतून साधारण ३० टक्के कापून घ्यायचे. लोकांनी मुळात आपल्याच हॉलमध्ये यावं, म्हणून दोनचार पदार्थ असे ठेवायचे की जे दुसरीकडे मिळत नाहीत. तेच एक्सक्लुझिव्ह. पीसी म्हणजे मोकळं मैदान. मांडव तुमचा, आचारी तुमचा, पाऊस आला तर तोही तुमचाच. अर्थात मैदानालाही ठेकेदार असतो. पीसीवरचे बहुतेक गेम ज्या स्टीम नावाच्या दुकानातून घेतले जातात, ते दुकानही साधारण तेवढाच वाटा कापतं. हे मी सांगितलं की भाच्याला अचानक ताक हवं असतं.

२०२० च्या ऑगस्टमध्ये सोनीने प्लेस्टेशनवरचा 'होरायझन झीरो डॉन' पीसीवर सोडला (यालाच पोर्ट म्हणतात) आणि बांधाला भगदाड पडलं. त्यामागून 'डेज गॉन' आला, 'गॉड ऑफ वॉर' आला, 'स्पायडर-मॅन' आला, २०२४ च्या मेमध्ये 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' आला. दर वेळी पुतण्याचं तोंड अशा माणसासारखं व्हायचं, ज्याच्या सोसायटीतला खासगी बगीचा महापालिकेने सर्वांसाठी उघडला आहे. फुलं तेवढीच होती. त्याचं एकही कमी झालेलं नव्हतं. तरीही काहीतरी गेलं होतं.

मागून येणारी पंगत नेहमीच सुखाची असते असंही नाही. 'द लास्ट ऑफ अस'चा पहिला भाग २०२३ च्या मार्चमध्ये पीसीवर आला, तेव्हा खेळ सुरू होण्याआधी लोक शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होण्याची वाट बघत ताटकळले आणि मग तो मध्येच बंद पडला. भाचा त्या काळात फार धार्मिक झाला होता, संयमाचं महत्त्व सांगायचा. आणि 'ब्लडबोर्न' हे नाव त्याच्यासमोर काढायचं नसतं. २०१५ साली प्लेस्टेशन ४ वर आलेला हा गेम पीसीवर आलेलाच नाही. दर वर्षी नव्या गेमच्या घोषणांचा कार्यक्रम असला की रात्री जागून तो बघतो आणि सकाळी परीक्षेत नाव न लागलेल्या मुलासारखा चहा पितो.

या धंद्यातल्या शपथा फार मनाला लावून घेऊ नयेत, असं माझं मत आहे. 'रेसिडेंट ईव्हिल ४' निन्टेन्डोच्या गेमक्यूब या कन्सोलखेरीज कुठे आला तर आपण शिर उतरवून देऊ, असं त्याचे दिग्दर्शक शिंजी मिकामी म्हणाले होते. २००५ च्या जानेवारीत तो गेमक्यूबवर आला आणि त्याच वर्षी प्लेस्टेशन २ वरही आला. मिकामींचं शिर जागेवर आहे. पुढे २००७ मध्ये तो पीसीवर आला, तर त्यात माउस चालत नव्हता! लग्नाला बोलवायचं आणि पान मांडायचं नाही, तसा प्रकार.

'हेलो'ची कुंडली तर आणखी मजेची. १९९९ साली स्टीव्ह जॉब्स यांनी हा गेम मंचावरून दाखवला तो ॲपलच्या मॅकवर. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने तो बनवणारी कंपनी विकत घेतली आणि २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचा कन्सोल एक्सबॉक्स बाजारात आला तो 'हेलो'चा हात धरून. माहेर मॅकचं, सासर एक्सबॉक्सचं. त्यानंतर वीसेक वर्षं 'हेलो' म्हणजे एक्सबॉक्स आणि एक्सबॉक्स म्हणजे 'हेलो'. त्याच्या नावाने किती जणांनी किती जणांना शिव्या दिल्या असतील, याची मोजदाद नाही. आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं, की पहिल्या 'हेलो'ची नवी आवृत्ती प्लेस्टेशनवरही येणार. म्हणजे घराण्यांचा समझोता झाला आणि चौकात भांडणारे कार्यकर्ते एकमेकांची कॉलर धरून तसेच उभे. हे दृश्य आपल्याला महाराष्ट्रात नवीन नाही.

कंपन्यांचं एक वेळ समजतं, त्यांचा धंदा आहे. पण ज्यांना यातला एक रुपया मिळत नाही, ती पोरं इतकी का तुटून पडतात? प्लेस्टेशनवाल्यांना 'पोनी' म्हणायचं, एक्सबॉक्सवाल्यांना 'एक्सबॉट'. 'पीसी मास्टर रेस' हे नाव तर एका समीक्षकाने २००८ च्या सुमारास पीसीवाल्यांच्या तोऱ्याची टिंगल म्हणून वापरलं होतं. पीसीवाल्यांनी तेच बिरूद म्हणून छातीवर लावलं.

मला वाटतं, भांडण गेमचं नसतंच, बिलाचं असतं. पुतण्याचा पहिला प्लेस्टेशन त्याच्या दहावीच्या टक्क्यांवर मिळालेला. नंतर २०२१ च्या फेब्रुवारीत पीएस५ भारतात आला तो ४९,९९० रुपयांना, आणि काही मिनिटांत संपला. तो मिळवण्यासाठी माझ्या भावाने ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून बुकिंग केलं आणि पुढचं वर्षभर हप्ते भरले. नवा गेम घ्यायचा तर तेव्हा ४,९९९ रुपये. एवढं घातल्यावर 'आपल्याकडे आहे ते सगळीकडेच मिळतं' हे ऐकून घेणं सोपं नाही. तिकडे भाच्याने पीसी जुळवला तो एकेक भाग गोळा करत, लॅमिंग्टन रोडच्या फेऱ्या मारत. ग्राफिक्स कार्ड घेतलं तेही नेमकं २०२१ मध्ये, जेव्हा क्रिप्टोवाल्यांनी जगभरची कार्डं नाणी खणायला जुंपली होती. जवळपास दुप्पट मोजले. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये इथेरियम या क्रिप्टो-चलनाने आपली रीत बदलली, त्याचं खणणं थांबलं आणि कार्डांचे उतरणीला लागलेले भाव आणखी खाली आले. त्या महिन्यात तो आमच्याकडे आला नाही.

हे मला कळतं, कारण मीही यातून गेलोय. नव्वदीत गिरगावच्या चाळीत आमच्याकडे टीव्ही गेम आला तो वडिलांच्या दिवाळी बोनसमधून, मनीष मार्केटातून. निन्टेन्डोच्या यंत्राची ती बेमालूम नक्कल होती, हे पुष्कळ नंतर समजलं. '९९९९ इन १' असं लिहिलेली पिवळी कॅसेट. त्यातले खरे गेम वीसेक, बाकी तेच ते वेगळ्या नावांनी. चित्र हललं की कॅसेट काढायची, आत फुंकर मारायची, पुन्हा बसवायची. जो मारिओ निन्टेन्डोने जगभर एवढा जपला, पीसीवर पाठवला तोही टायपिंग शिकवायला, तो आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत परवान्याशिवाय बिनधास्त उड्या मारत होता.

मग समोरच्या बिऱ्हाडातल्या मुलाला त्याच्या मामाने मस्कतहून निन्टेन्डोच्या प्रतिस्पर्धी कंपनीचा सेगा आणून दिला. त्यात सॉनिक. निळा, काटेरी, वाऱ्यासारखा पळणारा. मी चाळभर सांगत सुटलो, की सॉनिकमध्ये काही दम नाही, नुसता पळतो. मी तो खेळलोच नव्हतो. तो बोलवायचा, मी जायचो नाही. कारण गेलो असतो तर मला आवडला असता, आणि मला आवडला हे संध्याकाळी जेवताना माझ्या तोंडून निघालं असतं, आणि वडिलांनी ते ऐकलं असतं.

२००१ मध्ये सेगाने यंत्रं बनवणं सोडलं आणि सॉनिक चक्क निन्टेन्डोच्या यंत्रावर राहायला आला. २००७ मध्ये तर मारिओ आणि सॉनिक एकाच गेममध्ये ऑलिंपिक खेळले. समोरच्या मुलाला फोन करून सांगावं असं तेव्हा वाटलं होतं, पण नंबर नव्हता.

म्हणून मी आपला पीसीवाल्यांच्या बाजूने, सगळ्यांना सगळं मिळावं या मताचा. पण हे मतही मला पुरतं पेलत नाही. 'बेयोनेटा २' हा गेम निन्टेन्डोने पैसे घातले म्हणून झाला. पहिला भाग प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर खेळलेले लोक चिडले, की दुसरा फक्त निन्टेन्डोवर का? तर, नाहीतर तो झालाच नसता म्हणून. केटररने आगाऊ रक्कम दिली नसती तर चूलच पेटली नसती.

आणि मोकळ्या मैदानातही कार्यालयाचा माणूस पास मागायला येतो. सोनीचा 'हेलडायव्हर्स २' २०२४ च्या फेब्रुवारीत प्लेस्टेशन आणि पीसीवर एकाच दिवशी आला. पुतण्या आणि भाचा एका पथकातून लढले, घरात तीन महिने शांतता. मेमध्ये सोनीने सांगितलं, की पीसीवाल्यांनीही प्लेस्टेशनचं खातं जोडलंच पाहिजे. गंमत अशी, की शंभराहून जास्त देशांत ते खातं काढण्याची सोयच नाही, आणि गेम तिथेही विकून झाला होता. स्टीमवर वाईट शेऱ्यांचा पाऊस पडला आणि काही दिवसांतच सोनीने पाऊल मागे घेतलं. भारतात खातं काढता येतं, त्यामुळे आमच्या घराला झळ नव्हती. तरी भाच्याने वाईट शेरा लिहिला. पुतण्यानेही भाच्याच्याच लॅपटॉपवरून, तो पाणी प्यायला उठला तेवढ्यात, एक ओळ वाढवली. दोघं एका बाजूला असलेला तो एवढाच प्रसंग मला आठवतो.

पण या सगळ्यात मला खरं लागलं ते 'राजी'चं. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने केलेला गेम. राजी नावाची मुलगी, तिचा असुरांनी पळवलेला भाऊ गोलू, पाठीशी दुर्गा, आजूबाजूला राजस्थानी महालांसारख्या कमानी. परदेशी गेममध्ये आपण आयुष्यभर नॉर्वेच्या बर्फात आणि जपानच्या गवतात फिरलो, इथे पहिल्यांदा कोणाला तरी 'गोलू' अशी हाक मारली जात होती. २०२० चा ऑगस्ट, लॉकडाऊन, आम्ही तिघं फोनवर. आणि गेम आला तो आधी फक्त निन्टेन्डो स्विचवर. जे यंत्र निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे विकतच नाही. ज्यांच्या घरी कोणी दुबईहून आणलं असेल किंवा ज्यांनी ग्रे मार्केटात जास्तीचे मोजले असतील, त्यांच्यासाठी पुण्यातला गेम हजर. पुण्यात राहणाऱ्या, पीसीवाल्या माझ्या भाच्याला मात्र ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागलं. पुतण्यालाही तेवढंच.

स्टुडिओला दोष द्यायला जीभ रेटत नाही. छोट्या माणसाला मोठ्या मंचावर पहिली संधी मिळते ती अशाच अटींवर, आणि ऑक्टोबरमध्ये तो प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, पीसी असा सगळीकडे आलाही. तरी ते दोन महिने माझ्या दोन्ही पोरांनी एकमेकांना एकदाही डिवचलं नाही. दोघंही दाराबाहेरच होते, आणि घर ओळखीचं होतं.

तर गौरीजेवण. दुपारी सगळे आडवे झाले. संध्याकाळी आरतीच्या आधी दोघं एकाच फोनवर डोकं घालून 'जीटीए ६' या येऊ घातलेल्या गेमचा ट्रेलर पुन्हा बघत होते. जाहीर झाला होता तो फक्त पीएस५ आणि एक्सबॉक्ससाठी. पीसीचं नाव नाही. पाचवा भाग २०१३ च्या सप्टेंबरमध्ये कन्सोलवर आला आणि पीसीवर २०१५ च्या एप्रिलमध्ये, हा हिशेब भाच्याला तोंडपाठ.

"ये तेव्हा आमच्याकडे. पहिल्या दिवशी," पुतण्या म्हणाला.

"थांबेन मी. सवय आहे." ट्रेलर संपेपर्यंत तो गप्प होता. मग म्हणाला, "आणि आलो तर, कंट्रोलर कोणाच्या हातात?"

"अर्धा अर्धा तास."

"पहिला अर्धा माझा."

"घर कोणाचं आहे?"

"पाहुणा कोण आहे?"

"काका!"

"मामा!"

मी निर्माल्याची पिशवी उचलली आणि खाली गेलो.