बिडाच्या तव्यावरची कणकेची नानकटाई

नानकटाईला ओव्हनच हवा असं नाही. जाड बिडाचा तवा आणि त्यावर नीट बसणारं खोल झाकण पुरतं. फरक एवढाच की भट्टीत आच चहूबाजूंनी लागते, तव्यावर फक्त खालून. सगळी काळजी त्यापायीच घ्यायची.

१४ नानकटायांना कणीक १०० ग्रॅम, बेसन ५०, बारीक रवा २५, पिठीसाखर ७५ आणि तूप ९० ग्रॅम. शिवाय अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, वेलचीपूड. साखर दळलेलीच हवी. दाणेदार साखर तव्याला लागून करपते.

बेसन आधी मंद आचेवर ६-७ मिनिटं कोरडं भाजून पूर्ण गार करा. नाहीतर कच्चट वास राहतो, आणि गरम बेसनात तूप वितळतं ते वेगळंच. ठाण्यात एप्रिल-मेमध्ये तूप ओट्यावर ठेवल्या ठेवल्या पातळ होतं. अशा तुपाची नानकटाई तव्यावर पसरून चपटी होते, म्हणून ते फ्रीजमध्ये १५ मिनिटं ठेवून रवाळ करून घ्या. तूप-साखर हलकी, पांढरट होईपर्यंत फेसा, मग पिठं हलक्या हाताने मिसळा. मळायचं अजिबात नाही, मळलं की खुसखुशीतपणा गेला. गोळा वळेना तर दूध एकच चमचा.

गोळे चपटे करून जाडी पाऊण सेंटिमीटर ठेवा. त्याहून जाड केले की बूड काळं आणि पोट कच्चं.

तवा मध्यम आचेवर ५ मिनिटं तापवा, मग सगळ्यांत छोट्या बर्नरवर, आच अगदी बारीक. खाली पोळ्यांचा जुना तवा ठेवलात तर उत्तमच. चिमूटभर कणीक टाकून पाहा: बदामी व्हायला मिनिटभर लागलं पाहिजे. लगेच काळवंडली तर तवा उतरवून थोडा निववा.

एका वेळी सातच ठेवा, झाकण घाला. पाचव्या मिनिटाला झाकणाची वाफ पुसा. थेंब पडले की वरची बाजू चिकट होते. १०-१२ मिनिटांत कडेला बारीक चिरा पडतात आणि वरची तुपाची चकाकी जाते. लगेच उलटू नका! गरम नानकटाई हमखास मोडते. गॅस बंद करून ३ मिनिटं थांबा, पातळ उलथन्याने उलटा आणि गॅस परत बारीक लावून, झाकण न घालता पुन्हा ६-७ मिनिटं भाजा. तव्यावर मऊच लागतील, त्या निवताना कडक होतात.

दुसऱ्या घाण्याआधी तव्यावरचा चुरा पुसून घ्या, तोच आधी करपतो. तवा आधीच तापलेला असतो, त्यामुळे वेळही दोन मिनिटं कमी धरा.

पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. पावसाळ्यात सादळल्या तर कोरड्या तव्यावर मंद आचेवर चार मिनिटं, आणि परत गार करायच्या.