वरच्या मिलचं काय?

शुक्रवार, रात्रीचे साडेअकरा

सरांनी एवढंच विचारलं. आवाजही चढवला नाही. दुपारपासून तोच प्रश्न डोक्यात घुमतोय.

तीन दिवस त्या एका उसळीवर मी जीव टाकला होता. नासाचं ईआर-२ हे संशोधन विमान २० किलोमीटर उंचीवरून ढगमाथा ओलांडतंय आणि पोटाखालच्या फील्ड मिलची, म्हणजे विद्युतक्षेत्र मोजणाऱ्या यंत्राची, रेघ एकदम वर. वीजच, दुसरं काय! आईलाही फोनवर सांगून टाकलं.

वरच्या, विमानाच्या पाठीवरच्या मिलची नोंद मीच बाजूला ठेवली होती, फार खरखर होती म्हणून. आज ती रेघ खालचीच्या शेजारी लावली. दोन्ही एकाच वेळी, एकाच चिन्हाच्या. विद्युतक्षेत्र ढगाचं असतं, तर एक वर आणि एक खाली गेली असती. म्हणजे उसळी विमानाच्या स्वतःच्या चार्जची.

आणि रेघेचा आकार तरी? वीज झाली की रेघ कड्यासारखी तुटते, मग ढग पुन्हा भरेल तशी हळूहळू सावरते. ही नुसती फुगली आणि ओसरली. मला हे ठाऊक होतं. ठाऊक असून पाहिलं नाही. चूक झाल्याचं इतकं नाही, पण न पाहण्याचं फार लागतंय. इतकी वर्षं काय शिकले मी?

आईचे दोन फोन येऊन गेले. तिकडे पाऊस लागलाय. उचलले नाहीत. काय सांगू?

तरी आता जरा शांत वाटतंय. चार्ज चिकटत नाही असं विमानच नसतं. म्हणून तर एकाऐवजी अनेक मिल बसवतात. म्हणून तर स्वच्छ हवेत वैमानिक मुद्दाम पंख डावे-उजवे कलवतो, नाक वर-खाली करतो. विमानाचं किती आणि आकाशाचं किती, ते त्यावरून सुटं करता येतं. २०२३ च्या जुलैत टॅम्पाहून झालेल्या उड्डाणांत ढगातून गॅमा किरण येताना दिसले, की वैमानिकाला त्याच ढगावर परत फिरवत. मीही फिरले.

विमानाचा चार्ज वजा केला. उसळी गेली. तिच्या थोडं आधी एक बारीकशी पायरी उरली आहे, सरळ तुटलेली. खालची रेघ एका दिशेला, वरची दुसऱ्या.

या वेळी वरची आधी पाहिली.