तुम्ही विचारलंत म्हणून : बीए करून आयटीत जाता येईल का?

इंदूरच्या मराठी घरांतून हा प्रश्न हल्ली सारखा येतो. मुलीनं समाजशास्त्र घेऊन बीए केलं, आता इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपन्यांत तिला वाव आहे का? आहे. पण भंवरकुआँ या क्लासेसच्या भागात क्लास लावण्याआधी नेमकं कुठलं काम करायचं ते ठरवा.

प्रोग्रामर व्हायचं तर एमसीए, म्हणजे संगणकातली पदव्युत्तर पदवी, हा सरळ रस्ता. आता तो दोनच वर्षांचा आहे. बीएवाल्यांना बऱ्याच ठिकाणी प्रवेश मिळतो, मात्र बारावीला किंवा पदवीला गणित होतं का ते बघतात आणि राहिलेला पाया भरून काढणारा ब्रिज कोर्स करायला लावतात. म्हणून फॉर्म भरण्याआधी त्या वर्षाची नियमावली वाचा. टीसीएस ही आयटी कंपनी बीपीएस विभागासाठी (इतर कंपन्यांची कार्यालयीन कामं करून देणारा विभाग) बीएवाल्यांची भरती करते. ती परीक्षा जरूर द्या, पण तिथे कोड लिहायचा नसतो, हे माहीत असू द्या.

माझं मत विचाराल तर समाजशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल शिकलेल्यांनी डेटा अ‍ॅनालिसिसकडे, म्हणजे आकडेवारी तपासून अर्थ लावण्याच्या कामाकडे, वळावं. रोज दोन तास दिले तर आठ-नऊ महिने लागतात. पहिला महिना एक्सेल, त्यातलं पिव्होट टेबल (आकड्यांचा गटवार गोषवारा) हातात बसेपर्यंत. पुढचे तीन महिने फक्त एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा. मग आलेख-अहवाल बनवायचं पॉवर बीआय, आणि पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शेवटी. बरेच जण पायथनपासून सुरुवात करतात आणि लूपपाशी (तीच कृती पुन्हापुन्हा करायला लावणारा कोड) अडकून सोडून देतात, कारण तोवर दाखवण्याजोगं काहीच हाती लागलेलं नसतं.

सरावाला आपलंच राज्य घ्या. 2011च्या जनगणनेत मध्य प्रदेशचे 50 जिल्हे आहेत. आजच्या जिल्ह्यांची यादी डावीकडे ठेवून त्या आकड्यांशी एसक्यूएलमध्ये लेफ्ट जॉइन करा, म्हणजे डावीकडची प्रत्येक ओळ राहते, जोडी मिळो वा न मिळो. आगर मालवा आणि निवाडी या नंतर झालेल्या जिल्ह्यांसमोर नल (NULL, म्हणजे रिकामी नोंद) येईल. नर्मदापुरमसमोरही येईल, कारण तेव्हा त्याचं नाव होशंगाबाद होतं. या ओळी शोधताना '= NULL' असं लिहिलंत तर एकही ओळ मिळणार नाही. 'IS NULL' लिहावं लागतं. फक्त जुळलेल्या ओळी ठेवणारा इनर जॉइन लावला तर त्या ओळी निमूट गळतात आणि राज्याची बेरीज कमी भरते.

इथे तुमची पदवी कामाला येते. नाव बदललेल्या जिल्ह्यांसाठी जुनं नाव–नवं नाव असं छोटं टेबल पुरतं. आगर मालवा मात्र 2013 साली शाजापूरमधून निघाला. त्यामुळे आगर, बडोद, सुसनेर आणि नलखेडा या तहसिलींचे 2011चे आकडे जोडून त्याची ओळ तयार करायची आणि तेवढेच शाजापूरमधून वजा करायचे. वजाबाकी राहिली तर तीच माणसं दोनदा मोजली जातात. 2018 साली टीकमगढमधून निघालेल्या निवाडीचंही तसंच.

हे काम गिटहबवर (कोड सगळ्यांना दाखवता येईल अशी वेबसाइट) ठेवा आणि सोबत पानभर टिपण लिहा : काय जुळलं नाही, का, आणि काय केलं. मुलाखतीत प्रश्न त्यावरच निघतात, आणि तेव्हा सर्टिफिकेटपेक्षा हे टिपण जास्त उपयोगी पडतं.

क्लास लावलाच तर 'प्लेसमेंटची हमी' म्हणजे नेमकं काय, ते लेखी मागा. फीचे हप्ते पुष्कळदा फायनान्स कंपनीकडून मुलीच्या नावावर काढलेलं कर्ज असतं. क्लास मध्येच सुटला तर ते कोण फेडणार, हे सही करण्याआधी विचारा.