पत्रादेवी ओलांडल्यावर

जुन्या गोव्याला सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनाला पायी निघालो होतो. गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका मागे पडला तेव्हा रोझरीचं, जपमाळेचं, तिसरं रहस्य चाललं होतं. टाचेला फोड आलेला. 'नमान मारिये' या प्रार्थनेकडे लक्ष दिलं की पाय वेडावाकडा पडायचा. पुढे क्रूस, मागे टेम्पो, टेम्पोवर भोंगा. भोंगा मला सहन होत नाही. सायबाला ऐकू कमी येतं असं कुणी सांगितलंय?

दुपारी फादरनी 'लाउदातो सी'वर प्रवचन दिलं. पोप फ्रान्सिसांचं पर्यावरणावरचं 2015 चं परिपत्रक. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणसाला सृष्टीवर सत्ता मिळते, दुसऱ्यात बागेची मशागत आणि राखण. सत्ता तेवढी आपण लक्षात ठेवली, म्हणाले. बोलले चांगलं, पण पायाशी प्लास्टिकच्या पेल्यांचा खच. इतिहासकार लिन व्हाइट यांनी 1967 मध्ये पर्यावरणाच्या संकटाचं खापर पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारावर फोडलं, तेव्हापासून आमचे लोक या सत्तेचा खुलासा देत बसलेत. मला बायबलातल्याच लेवीय पुस्तकाचा 25 वा अध्याय जवळचा वाटतो. सातव्या वर्षी जमिनीलाही विसावा द्या. आणि ती कायमची विकू नका, कारण ती देवाची. तुम्ही त्याच्याकडे उपरे, वाटसरू. हायवेवरून चालताना हे फार झोंबतं. तांबडा डोंगर उभा कापलेला, त्यावर फलक: प्लॉट विकणे आहे.

धारगळच्या पुढे पाय उचलेना. एका अंगणात तुळशीजवळ टेकले. आतून म्हातारी आली. "खंयसून आयलें गो?" सावंतवाडी म्हटल्यावर काही न बोलता आत गेली. मला वाटलं, राग आला. ती घमेल्यात मीठ घातलेलं कढत पाणी घेऊन आली आणि मी नको नको म्हणेपर्यंत मोजा ओढून काढलासुद्धा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या मोज्याला काय वास येत होता! फोड तिने फोडू दिला नाही. खोबरेल लावलं, जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली, वर पेज आणि तोराचं लोणचं. बोलता बोलता कळलं, मागचा डोंगर कापल्यापासून तिची विहीर मार्चमध्येच तळ गाठते. डोंगर विकला दिरांनी. हिला कुणी विचारलंही नाही. निघताना कनवटीची दहाची नोट हातात कोंबली. "मेणवात लाय. सायबाक बांयचें सांग."

म्हापसा, पर्वरी, मांडवीचा पूल झाले कसेतरी. रायबंदरच्या बांधावर खारफुटीचा वास आला आणि मला उगाच रडू फुटलं. शेजारची बाई म्हणाली, "भक्ती गो भक्ती." भक्ती कसली, चिंधी सुटली होती.

जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या चर्चपाशी मेणबत्ती लावली, विहिरीचं सांगितलं. रांगेत फादर पुढेच होते. म्हटलं, फादर, पुढच्या वारीला प्रवचनात लेवीय 25 घ्या ना. ते हसले. "घेतो की. पण आपल्या टेम्पोचं डिझेल कोण भरतो ठाऊक आहे ना? प्लॉटवाला."