हत्तरसंग कुडल: तुळईवरची ओळ आणि मधली मोकळी जागा

सोलापूरहून विजापूर रस्त्याने निघालं की हत्तरसंग कुडल साधारण ४० किलोमीटर. भीमा-सीनेचा संगम, पलीकडे कर्नाटक. आम्ही पाणी, शेंगाचटणी-भाकरी आणि मुख्य म्हणजे टॉर्च घेऊन जातो.

टॉर्च संगमेश्वरासाठी. सभामंडपाच्या तुळईवर शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा लेख आहे. त्यातली ओळ: ‘वाछि तो विजेया होईवा’, वाचेल तो विजयी होईल. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी हा लेख उजेडात आणला; मराठीच्या आद्य शिलालेखांत अक्षी, श्रवणबेळगोळसोबत त्याचं नाव घेतात. पण मान वर करून नुसतं पाहिलं तर हाती काही लागत नाही. खोदकाम उथळ, मंडपात अंधार. समोरून झोत मारला की अक्षरं दगडात विरून जातात. झोत बाजूने, तुळईला जवळजवळ घासून सोडा. खाचेच्या एका कडेला सावली धरते आणि अक्षरं सुटी होतात. खडू, पीठ, तेल अजिबात नको. खडूचे कण खाचेत बसतात, तेलावर धूळ धरते, आणि चार वर्षांत चरच बुजतो.

शेजारचं हरिहरेश्वर मातीखाली होतं, ते १९९० च्या दशकाअखेरीस मोकळं केलं. दोन गाभारे, एक हरीचा, एक हराचा. इथलं बहुमुखी शिवलिंग: अंगावर ३५९ मुखं, मूळ लिंग धरून ३६०. मोजायला बसलात तर एका ओळीपासून सुरुवात करा, नाहीतर फेरी मारताना हमखास चुकतं.

लोक दोन देवळं पाहून परततात. आमच्या मते मधली मोकळी जागाही तितकीच मोलाची. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात मोठ्या शैव देवस्थानांना बहुधा मठ जोडलेला असे: आचार्य, विद्यार्थी, अन्नछत्र. देऊळ दगडी म्हणून टिकलं. राहत्या जागा माती-लाकडाच्या असल्या की उरतात फक्त जोती, खापरं, राखेचे थर. असल्या जागेवर पेव्हर ब्लॉकसाठी फूटभर खणलं तरी तो थर गेला, परत मिळत नाही. खापर दिसलं तर उचलू नका; कुठे सापडलं हे कळलं नाही तर ते नुसतं खापर.

पावसाळ्यात उजनीतून विसर्ग सुरू असेल तर बेत पुढे ढकला. घाटाच्या पायऱ्यांवर गाळ बसतो, पाय ठरत नाही.