वीस माणसांची दिवाळी आणि नंतरची शाळा

मोठ्या घरातली दिवाळी वसुबारसेला सुरू होत नाही, ती कोजागिरीच्या रात्रीच होते. आश्विन पौर्णिमेपासून वसुबारसेपर्यंत साधारण १२ दिवस मिळतात आणि अनारशांना जवळपास तेवढेच लागतात. त्यामुळे मसाला दूध पिऊन झालं, ज्येष्ठ अपत्याला ओवाळून झालं, पातेली घासून पालथी पडली, की झोपण्याआधी तांदूळ भिजत घालायचे. हे एक काम त्या रात्री झालं की पुढचा निम्मा गोंधळ टळतो.

तांदूळ तीन दिवस भिजतात आणि पाणी रोज बदलावं लागतं. घरात माणसं जास्त असली की नेमकं इथेच बिनसतं. काकूंना वाटतं वहिनींनी बदललं, वहिनींना वाटतं काकूंनी. एक दिवस चुकला तरी आंबूस वास धरतो आणि तो तळल्यावरही जात नाही. काम एकाच माणसाच्या नावावर असू द्या. चौथ्या दिवशी तांदूळ निथळून पंच्यावर सावलीत पसरायचे, उन्हात नाही. मुठीत घेतले की गार आणि दमट लागले पाहिजेत, पण तळहात ओला होता कामा नये. पार कोरडे झाले तर गूळ पिठात नीट मिसळत नाही.

दळून, बारीक चाळणीने चाळून, किलोभर पिठाला पाऊण किलो किसलेला गूळ आणि चमचाभर तूप. गूळ साधा घ्यावा, चिकीचा नको, त्याने अनारसे कडक होतात. गूळ घालण्याआधी दोन वाट्या पीठ बाजूला काढून फ्रीजमध्ये ठेवावं. बाकीच्याचे घट्ट गोळे करून डब्यात किमान पाच दिवस मुरू द्यायचे. तळायच्या दिवशी आधी एकच अनारसा सोडून बघायचा. तो तुपात हसला, म्हणजे फुटून पसरला, तर गूळ जास्त झालाय. मग ते राखून ठेवलेलं पीठ मूठमूठ मळत जायचं. उलट कडक झाला तर पिकलेल्या केळ्याचा छोटा तुकडा कुस्करून मळायचा. अनारसा खसखशीवर थापायचा, खसखस वर ठेवून तुपात सोडायचा, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. काढल्यावर चाळणीत उभे करून ठेवले की तूप निथळतं.

अनारशांचं पीठ मुरतंय तोवर चकलीची भाजणी. किलोभर तांदळाला अर्धा किलो हरभरा डाळ, पाव किलो उडीद डाळ, सव्वाशे ग्रॅम मूग डाळ, मूठभर पोहे, ५० ग्रॅम धणे, २५ ग्रॅम जिरे. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, मंद आचेवर, रंग बदलू न देता. एकत्र भाजलं की पोहे करपतात आणि हरभरा डाळ कच्ची राहते. गिरणीत देताना गव्हावर दळू नका असं बजावून सांगायचं. तांदळावर किंवा डाळीवर चालतं. शेवटच्या आठवड्यात गिरणीवाल्याला सांगून काही उपयोग नसतो, एवढी रांग असते, म्हणून हेही कोजागिरीनंतरच्या आठवड्यातच उरकावं.

उकड काढताना जितक्या वाट्या भाजणी तितक्याच वाट्या पाणी, आणि दर वाटीला एक मोठा चमचा तेल, तिखट, मीठ, तीळ, ओवा. पाणी खळखळलं की गॅस बंद करून भाजणी घालायची, ढवळून झाकण ठेवायचं आणि अर्धा तास विसरून जायचं. मग कोमट पाण्याच्या हाताने मळायचं, पण सगळं एकदम नाही. साच्यात दोन वेळा भरेल एवढंच. सगळा गोळा मळून ठेवला तर शेवटच्या घाण्यापर्यंत तो सुकतो, चकली पाडताना तुटते आणि दोष साच्याला दिला जातो. तेलात विरघळायला लागली तर मोहन, म्हणजे उकडीत घातलेलं तेल, जास्त झालंय, थोडी कोरडी भाजणी मळायची. बाहेरून लाल पण दुसऱ्या दिवशी मऊ, असं झालं तर आच मोठी होती. तेलातले बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत चकली काढायची नाही, मग घड्याळ काही का सांगेना. किलोभर भाजणीत साधारण ऐंशी-नव्वद चकल्या होतात. वीस माणसं आणि येणारे-जाणारे धरले तर दोन किलो भाजणी लागतेच.

इथे तीन जणांची जोडणी लागते: एक मळणारा, एक पाडणारा, एक कढईपाशी. कढईपाशी पाऊण तासाने माणूस बदलायचा. एकाच बाईने चार तास तळायचं आणि बाकीच्यांनी मीठ बरोबर आहे का ते चाखून सांगायचं, ही परंपरा मोडण्याच्याच लायकीची आहे. साचा दाबायला पुरुषांचे हात उत्तम चालतात.

बेसनाच्या लाडवांना किलोभर जाडसर बेसन, अर्धा किलो तूप, पाऊण किलो पिठीसाखर. तूप आधी निम्मं, उरलेलं भाजता भाजता. मंद आचेवर पाऊण तास तरी हात थांबवायचा नाही, नाहीतर लाडू टाळूला चिकटतो. शेवटी दुधाचा हबका मारला की बेसन रवाळ होतं. साखर मात्र बेसन कोमट झाल्यावरच घालायची. गरमात घातली की पातळ होतं आणि वळलेले लाडू संध्याकाळपर्यंत चपटे बसतात. चिवडा सगळ्यात शेवटी, कोरड्या दुपारी. परतीचा पाऊस रेंगाळला असेल त्या दिवशी तर करूच नये. कढीपत्ता हाताने चुरा होईल इतका कुरकुरीत तळायचा, कारण एका ओल्या डहाळीने अख्खा डबा मऊ पडतो.

नरक चतुर्दशीच्या पहाटेचा प्रश्न धार्मिक कमी आणि पाण्याचा जास्त असतो. २५ लिटरच्या गीझरमधून कोमट करून तीन-चार बादल्या निघतात आणि टाकी पुन्हा तापायला अर्धा तास लागतो. म्हणजे वीस माणसांना अडीच तास. सूर्योदय साडेसहाच्या सुमारास, त्यामुळे पहिली अंघोळ चारला सुरू झाली तरच सगळ्यांचं अभ्यंग वेळेत होतं. बंब असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर दोन मोठी पातेली गॅसवर ठेवली की तास वाचतो. क्रम असा बरा: आधी स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या, मग आजी-आजोबा, मग लहान मुलं, आणि ज्यांना उठवायलाच अर्धा तास लागतो ते शेवटी. पुढचा न्हात असताना मागच्याला बाहेर तेल लावून बसवायचं. मोरीच्या तोंडावर जुनी चाळणी ठेवा. वीस जणांचं उटणं आणि तेल एकत्र आलं की मोरी तुंबणारच, आणि लक्ष्मीपूजनाला प्लंबर मिळत नाही.

पणत्या नव्या असतील तर काही तास पाण्यात भिजवून, वाळवून मगच तेल घालावं, नाहीतर कोरडी मातीच तेल पिते.

भाऊबीज झाली की खरी अडचण येते. नोकरीवाले दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कामावर जातात आणि मुलांची सुट्टी अजून शिल्लक असते. एकाच घरात दोन वेळापत्रकं चालू होतात. सकाळी सातला डबे, साडेदहाला उठणाऱ्यांचा चहा, मग दुपारचं जेवण, आणि स्वयंपाकघर दिवसभर बंदच होत नाही. म्हणून भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसापासून नाश्त्याची एकच वेळ ठरवावी. नंतर उठणाऱ्याने फराळाच्या डब्यातून घ्यावं आणि आपली बशी आपण धुवावी. पहिले दोन दिवस कुरकुर होते, नंतर उठतात.

मुलांची झोप शाळेच्या आदल्या रात्री लवकर निजवून सुधारत नाही, कारण झोप येतच नाही. पाच-सहा दिवस आधीपासून रोज वीस मिनिटं लवकर उठवायचं, निजायची वेळ आपोआप मागे येते. दिवाळीचा अभ्यास त्याच सकाळच्या वेळेत. पाच-सहा मुलं एका खोलीत बसवली तर अभ्यास होत नाही. मोठ्या मुलाकडे एक लहान मूल, अशी जोडी करून वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसवावं. गणवेश, बूट आणि हस्तकलेचं सामान शनिवारी बघावं. बोटभर वाढलेल्या पोराला जुना बूट होत नाही हे सोमवारी सकाळी कळून उपयोग नाही.

पाहुण्यांच्या गाद्या-गोधड्या दोन उन्हं दाखवूनच माळ्यावर टाका. तळणाचं तेल गाळून वेगळ्या बरणीत ठेवा, ताज्या तेलात मिसळू नका. काळं पडलेलं किंवा फेसाळणारं असेल तर फोडणीलाही नको.

उरलेल्या फराळात करंज्या आधी संपवा, सुक्या खोबऱ्याला खवट वास लवकर येतो. बेसनाचे लाडू तीन आठवडे सहज टिकतात, शाळेच्या मधल्या सुट्टीला बरे. चिवड्याच्या तळाशी मीठ-मसाला उतरलेला असतो, त्यात भाजलेले पोहे किंवा चुरमुरे मिसळा. मऊ पडला असेल तर कढईत मंद आचेवर पाच मिनिटं परता, पण पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, नाहीतर वाफेने पुन्हा तेच होतं. चकलीची भाजणी उरली असेल तर निम्मं ज्वारीचं पीठ, कांदा आणि कोथिंबीर घालून थालीपीठं लावा. वीस माणसांत किलोभर भाजणी दोन सकाळींत संपते.