चित्राची मध्येच रेघ होते? आयसी बदलण्याआधी एवढं बघा

जुना २१ इंची पिक्चर ट्यूबचा टीव्ही तासभर नीट चालतो आणि अचानक सगळं चित्र मिटून मधोमध आडवी पांढरी रेघ उरते. आवाज चालूच. वर एक थाप मारली की चित्र परत. हा व्हर्टिकल सेक्शनचा, म्हणजे चित्र वर-खाली पसरवणाऱ्या भागाचा दोष. बरेच जण लगेच व्हर्टिकल आयसी बदलतात आणि आठवड्याने गिऱ्हाईक पुन्हा दारात. थापेने जो दोष जातो, त्यात आयसीपेक्षा सोल्डरवर संशय आधी घ्यायचा.

काही सेटमध्ये रेघ दिसतच नाही. व्हर्टिकल बंद पडलं की जंगल आयसी (चित्राचे सिग्नल सांभाळणारा मुख्य आयसी) पडदा काळा करतो, म्हणजे ट्यूब जळू नये. तेव्हा 'चित्र जातं, आवाज राहतो' या तक्रारीतही एलओटीवरचा (ट्यूबला हाय व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर) स्क्रीन कंट्रोल किंचित वाढवून बघा. रेघ उमटली तर दोष हाच. मूळ जागेवर आधी खूण करून ठेवा, आणि रेघ दिसताच स्क्रीन खाली घ्या. नाहीतर फॉस्फरवर (पडद्याच्या आतल्या चमकणाऱ्या थरावर) कायमचा डाग पडतो. रेघ उभी असेल तर प्रकरण वेगळं आहे. तो हॉरिझॉन्टल योकच्या (ट्यूबच्या मानेवरची, चित्र आडवं पसरवणारी कॉइल) वाटेतला दोष, सेट ताबडतोब बंद करायचा.

बोर्ड उलटा करण्याआधी प्लग काढा. मेन फिल्टर कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर डीसी असतो, तो ६० वॉटच्या बल्बमधून उतरवा, स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करून नाही. ट्यूबच्या रबरी टोपीखाली २० हजार व्होल्टच्या वर असतात, तिकडे हात नको.

आता भिंगातून आयसीच्या पायांभोवती बघा. एलए७८०४० किंवा एसटीव्ही९३०२ असेल तर पाय सात. जड हीटसिंक आणि रोजचं तापणं-निवणं यामुळे पायाभोवती केसाएवढी गोल भेग पडते. वरून सोल्डर चकचकीत दिसतो, म्हणून नुसत्या नजरेला सापडत नाही. योकचा कनेक्टर, एलओटीचे पाय आणि सप्लायमधला फ्युजिबल रेझिस्टर (जास्त करंट आला की फ्यूजसारखा उडणारा) हेही बघा. नुसतं गरम करून भागत नाही. जुना सोल्डर पंपाने ओढून घ्या, पाय खरवडा, फ्लक्स लावून ६०/४० चा नवा सोल्डर भरा. हीटसिंकला लागलेल्या पायाला २५ वॉटचं आयर्न पुरत नाही, ५०-६० वॉटचं घ्या.

तरीही चित्र जात असेल तर मीटर आधीच लावून ठेवा, कारण प्रोब टेकवेपर्यंत दोष पळून जातो. मायनस थंड ग्राउंडला (मेनपासून वेगळा असलेला ग्राउंड), प्लस आयसीच्या पिन २ ला (सप्लाय), क्लिपने पक्का. सिंगल सप्लायच्या (फक्त प्लस व्होल्ट) सेटमध्ये तिथे साधारण २४ व्होल्ट मिळतात. रेघ आली त्या क्षणी ते गेले, तर दोष एलओटी, डायोड किंवा फ्युजिबल रेझिस्टरच्या वाटेत. टिकून राहिले तर क्लिप पिन ५ वर (आउटपुट) न्या. पुन्हा रेघ आली तेव्हा तिथे अंदाजे निम्मे व्होल्ट असतील, तर योक, कनेक्टर, कपलिंग कपॅसिटर किंवा योकच्या ग्राउंडकडचा छोटा रेझिस्टर तपासा. ती वाट उघडी पडली की आयसी बिचारा ठीक असूनही चित्र मिटतं. पिन ५ शून्यावर किंवा सप्लायवर अडकला असेल, तेव्हा कुठे आयसीकडे बोट दाखवायचं, आणि तेही इनपुट बघून. दुहेरी सप्लायच्या (प्लस आणि मायनस दोन्ही) सेटमध्ये मात्र पिन ५ चा डीसी शून्याजवळच असतो, हा हिशेब तिथे चालत नाही.

फ्युजिबल रेझिस्टर उडालेला सापडला तर तार जोडून चालवू नका. आयसी शॉर्ट आहे का ते आधी पाहा.

थंड असताना वरच्या बाजूला चित्र दुमडतं किंवा पांढऱ्या रेषा दिसतात, आणि तापल्यावर सुधारतं, तर पिन ३ आणि ६ मधला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सुकलाय. १०५ डिग्रीचा, ५० व्होल्टचा टाका. किंमत किरकोळ, म्हणून शंका असली तरी बदलून टाकावा.

शेवटी स्क्रीन मूळ खुणेवर आणा आणि बॅक कव्हर लावून सेट दोन तास चालवा. उघड्या बोर्डावर आयसी तेवढा तापत नाही, त्यामुळे टेबलावर बरा वाटलेला सेट घरी जाऊन पुन्हा रेघ मारतो.